रूळ कशासाठी टाकले होते?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना कोलोराडो दाखवायचं ठरलं, की बेतात ड्युरँगो ते सिल्व्हर्टन ही वाफेच्या इंजिनाची गाडी हमखास येते. सकाळी गाडीत बसायचं. साडेतीन तास खिडकीतून ॲनिमस नदी, कडे आणि झाडी बघायची. सिल्व्हर्टनला उतरून जेवायचं, दुकानं फिरायची. दोन तासांनी शिट्टी झाली की पुन्हा डब्यात. फोटो सुंदर येतात आणि ‘सिल्व्हर्टन बघितलं’ अशी नोंद होते.

सिल्व्हर्टन बघितलेलं नसतं. रूळ बघितलेले असतात. हे रूळ तिथे का गेले, कुणी टाकले आणि त्यांवरून काय वाहून नेलं, हे न विचारता माणूस परत फिरतो. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे. कोलोराडोच्या सान वान डोंगरातली गावं निसर्गासाठी वसलेली नाहीत. तिथे माणसं गेली ती डोंगर फोडायला.

रुळांपासूनच सुरुवात करू. १८८१ च्या शरदात काम सुरू झालं, भर हिवाळ्यात दरीच्या कड्याला सुरुंग लावत पुढे सरकलं आणि १८८२ च्या जुलैत गाडी सिल्व्हर्टनला पोचली. अंतर ४५ मैल. आधी खाणीतला कच्चा धातू गाढवं आणि खेचरं खिंडीतून वाहून नेत. वाहतूक इतकी महाग, की ज्या दगडात चांदी भरपूर तेवढाच न्यायला परवडे. बाकीचा तिथेच पडून राहायचा. रेल्वे आली आणि कमी प्रतीचा दगडही विकण्याजोगा झाला. रूळ तीन फुटी ठेवले, कारण अरुंद रुळांना तीव्र वळणं घेता येतात, कडा कमी फोडावा लागतो आणि खर्च वाचतो. आज ज्या वळणावर सगळे खिडकीबाहेर मोबाइल काढतात, ते वळण टनामागे वाचणाऱ्या डॉलरांनी आखलं आहे.

ड्युरँगो हे गाव तर रेल्वे कंपनीनेच काढलं. जवळच ॲनिमस सिटी नावाची वस्ती आधीपासून होती. तिथल्या लोकांनी डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे कंपनीच्या अटी मानल्या नाहीत. कंपनीने दोन मैल दक्षिणेला १८८० मध्ये नवीन गाव आखलं आणि स्टेशन तिथे नेलं. जुनी वस्ती मागे पडली, पुढे ड्युरँगोतच सामावून गेली. गावाने कुठे असावं हे गावकऱ्यांनी ठरवायचं की रुळांच्या मालकाने, या प्रश्नाचा त्या डोंगरातला निकाल असा लागला.

ड्युरँगोजवळ कोळसा होता, म्हणून धातू गाळण्याची भट्टी नदीकाठी ड्युरँगोत आली. वरून दगड यायचा, खाली वितळायचा. ही भट्टी १९३० पर्यंत चालली. दुसऱ्या महायुद्धात त्याच जागी व्हॅनेडियम आणि मग युरेनियम वेगळं काढण्याचा कारखाना उभा राहिला. इथलं युरेनियम मॅनहॅटन प्रकल्पाला, म्हणजे अणुबाँबच्या कामाला गेलं. कारखाना १९६३ मध्ये बंद पडला. मागे उरलेला किरणोत्सारी मातीचा डोंगर शहराला लागून, नदीच्या काठावर, वीस वर्षांहून जास्त काळ तसाच उभा होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो उचलून जवळच्या दरीत पुरला. त्या जागी आज ड्युरँगोकर कुत्री मोकळी सोडतात; शहराचं कुत्र्यांचं उद्यान आहे ते. स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आगगाडीच्या प्रवाशांतले किती जण तिकडे वळतात?

आता वर, सिल्व्हर्टनला. उंची ९,३१८ फूट. कळसूबाई साधारण ५,४०० फूट. म्हणजे खालचं ड्युरँगोसुद्धा, ६,५१२ फुटांवर, आपल्या सर्वांत उंच शिखराच्या वर आहे. २०२० च्या जनगणनेत सिल्व्हर्टनची वस्ती सहाशेच्या थोडी पुढे भरली. अख्ख्या सान वान काउंटीत नगरपालिका असलेलं हे एकच गाव. मुख्य रस्ता डांबरी, बाजूचे मातीचे. गाडी थांबते ती ब्लेअर स्ट्रीटला, जिथे एकेकाळी दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने होते. त्या काळाची आज मौजेची वस्तू झाली आहे. प्रवाशांना बंदुका, हॅट आणि झगमगते झगे दाखवले जातात. सिनेमांनी ही सवय लावली. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’मधले गाडी लुटण्याचे प्रसंग याच रुळांवर चित्रित झाले. पण सिल्व्हर्टनमध्ये बहुतेक माणसं घोड्यावर बसून गोळ्या झाडत नव्हती. ते पाळीवर जाणारे मजूर होते. कॉर्नवॉलचे, आयर्लंडचे, इटलीचे, स्वीडनचे, पूर्व युरोपातले स्लाव्ह. त्यांच्या पाळ्या होत्या, पगाराचे दिवस होते, कामगार संघटना होती. ब्लेअर स्ट्रीटवरच्या बायकाही पोट भरायला आलेल्या होत्या. त्यांच्या दुःखाचा खेळ करून दाखवणं मला पटत नाही आणि पाहणाऱ्यांनी त्याला टाळ्या वाजवू नयेत असं मला वाटतं.

मराठी वाचकाने इथे आणखी एका गोष्टीसाठी थांबायला हवं. या डोंगरातल्या चांदीची मान मोडली त्यात मुंबईचा हात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात चांदीचा भाव घसरत होता. जगातले मोठे देश सोन्याकडे वळले होते आणि अमेरिकेतल्या खाणी चांदी ओतत होत्या. खाणमालकांच्या आणि पश्चिमेकडच्या राजकारण्यांच्या दबावाने १८९० मध्ये अमेरिकेने शर्मन कायदा केला. सरकार दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी विकत घेऊ लागलं. दुसरं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. इथे चांदीचा रुपया चालायचा आणि कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं, शुल्क भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. चांदी उतरली तसा रुपया उतरला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये दरवर्षी जी देणी पौंडांत चुकवावी लागत, ती फेडताना तिजोरी मेटाकुटीला आली. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी मुंबईची आणि कलकत्त्याची टांकसाळ खासगी चांदीसाठी बंद करण्यात आली.

चार दिवसांत औंसाचा भाव सुमारे ८३ सेंटवरून ६२ सेंटवर आला. कोलोराडोतल्या चांदीच्या खाणी आणि भट्ट्या एकामागून एक बंद होऊ लागल्या. जुलैत डेन्व्हरमधल्या बारा बँका तीन दिवसांत बुडाल्या. डोंगरातून बेकार झालेले मजूर शहरात उतरले. १ नोव्हेंबरला शर्मन कायद्यातली खरेदीची तरतूदही रद्द झाली. सगळं खापर मुंबईच्या टांकसाळीवर फोडणं चुकीचं ठरेल; अमेरिकेत त्या वर्षी आधीच आर्थिक घबराट होती आणि चांदीचं उत्पादन गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतं. पण फोर्टातल्या त्या इमारतीचं दार बंद झालं आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, नऊ हजार फुटांवर, पाळीवर गेलेला माणूस घरी परत पाठवला गेला. या दोन घटनांमध्ये फार दिवसांचं अंतर नाही. आणि तो निर्णय घेताना हिंदुस्थानातल्या रयतेलाही कुणी विचारलं नव्हतं आणि सिल्व्हर्टनच्या मजुरालाही नाही. आपण त्या गावात परके पाहुणे म्हणून जात नाही. एकाच हिशेबाच्या वहीत आपण दोघं होतो.

सिल्व्हर्टन तगलं, कारण त्याच्या डोंगरात चांदीबरोबर शिसं, जस्त आणि सोनंही होतं. पलीकडच्या युरेगावाजवळ आयर्लंडहून आलेल्या टॉमस वॉल्शने १८९६ मध्ये सोडून दिलेल्या चांदीच्या खाणींचा दगड तपासला. इतरांनी निरुपयोगी म्हणून टाकलेल्या त्या दगडात सोनं होतं. कॅम्प बर्ड खाण त्यातून उभी राहिली. १९०२ मध्ये त्याने ती पन्नास लाखांहून अधिक डॉलरना विकली. त्याची मुलगी एव्हलिन वॉल्श मक्लीन हिच्याकडे १९११ मध्ये होप हिरा आला. तो निळा हिरा गोवळकोंड्याच्या कोल्लूर खाणीतला मानला जातो. कोल्लूर कृष्णेच्या काठावर, आणि कृष्णा आपल्या महाबळेश्वरची. एका खाणीच्या पैशावर वाढलेल्या मुलीच्या गळ्यात दुसऱ्या खाणीचा दगड. दोन्ही खाणींत उतरलेल्या मजुरांची नावं मात्र कुठल्याही दागिन्याबरोबर येत नाहीत.

त्या मजुरांबद्दल बोलू. दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं आली तेव्हा काम झपाट्याने होऊ लागलं आणि बारीक धूळ फुप्फुसांत साचू लागली. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हळूहळू मारतो. चाळिशीच्या आत दम लागलेली माणसं खाणीच्या प्रत्येक गावात होती. ड्रिलमधून पाणी सोडून धूळ दाबण्याची युक्ती डेन्व्हरच्या जॉन जॉर्ज लायनरने काढली, पण ती सगळीकडे पोचायला वेळ लागला. खाणी डोंगराच्या माथ्याजवळ, म्हणून मजुरांची राहण्याची घरंही कड्यावर. ओल्ड हंड्रेड खाणीचं बोर्डिंग हाऊस गॅलीना डोंगराच्या कड्याला चिकटलेलं आजही खालून दिसतं. मजूर कामावर जायचे ते हवेतल्या तारेवरून, कच्चा धातू वाहणाऱ्या बादलीत बसून. हिमकडे कोसळत तेव्हा ही घरं पहिली जात.

गावाच्या वर टेकडीवर हिलसाइड दफनभूमी आहे. तिथे जा. १९१८ च्या शरदात, ज्या दिवसांत इन्फ्लुएंझाचा तोच ताप आपल्याकडे गावंच्या गावं ओस पाडत होता, सिल्व्हर्टनने दर दहा माणसांमागे साधारण एक माणूस गमावला. शवपेट्या कमी पडल्या, सामुदायिक कबर खणावी लागली. धुळीने आधीच पोखरलेल्या फुप्फुसांवर तो ताप आला होता. दोन तासांच्या थांब्यात तिथे चढून जाऊन परत येणं कठीण आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच तो थांबा अपुरा आहे असं म्हणतो.

मजुरांची बाजू घेतो म्हणून मजुरांनी केलेलं झाकणार नाही. १९०२ मध्ये सिल्व्हर्टनमधल्या चिनी रहिवाशांना गावातून हाकलून दिलं गेलं आणि त्या मोहिमेत कामगार संघटनेचा पुढाकार होता. हातावर पोट असलेल्यांनी हातावर पोट असलेल्यांना घालवलं. दोनच वर्षांनी, शेजारच्या टेल्युराइडमध्ये, हेच हत्यार मजुरांवर चाललं. आठ तासांच्या दिवसासाठी संप चालू होता. राज्यपालाने सैनिक पाठवले आणि संघटनेच्या माणसांना आगगाडीत बसवून जिल्ह्याबाहेर सोडण्यात आलं. परत याल तर खबरदार, अशी धमकी देऊन. धातू नेणाऱ्या रुळांवरूनच माणसंही हद्दपार झाली. तेच टेल्युराइड आज स्कीइंगचं श्रीमंती ठिकाण आहे. तिथल्या हॉटेलांत भांडी घासणाऱ्यांना, खोल्या झाडणाऱ्यांना गावात घर परवडत नाही; ते डोंगराखालच्या गावांतून तासन् तास प्रवास करून कामाला येतात. मजुराला गावाबाहेर ठेवण्याची पद्धत बदलली, मजूर गावाबाहेरच राहिला.

आणि या सगळ्याच्या आधी तिथे यूट लोक होते. १८७३ चा ब्रुनो करार झाला आणि सान वान डोंगरातली सुमारे ३७ लाख एकर जमीन त्यांच्या हातून गेली, वर्षाला २५,००० डॉलरच्या बोलीवर. खाणवाले करार होण्याच्या आधीच घुसले होते. करार झाल्याबरोबर, १८७४ मध्ये, सिल्व्हर्टन आखलं गेलं. यूटांच्या वतीने बोलणी करणाऱ्या युरेचं नाव एका खाणगावाला दिलं. तो १८८० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी पश्चिम कोलोराडोतल्या बहुतेक यूटांना सैन्याच्या पहाऱ्यात युटाकडे काढलं. दक्षिणेकडच्या यूटांची राखीव जमीन ड्युरँगोच्या खाली आजही आहे, इग्नॅसिओ गावाजवळ. युरेगावात गरम पाण्याच्या कुंडात डुंबून येणाऱ्याला त्या गावाचं नाव कुणाचं, हे सांगता आलं पाहिजे.

पाण्याचा विषय सर्वांत मोठा आहे. खाणी बंद झाल्या तरी तो संपत नाही.

या डोंगरात गंधक धरून ठेवणारी खनिजं भरपूर. डोंगर आतून पोखरला की त्यांना हवा आणि पाणी मिळतं, सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते लोखंड, जस्त, शिसं, कॅडमियम विरघळवून ओढ्यात आणतं. थोडं आम्ल इथल्या झऱ्यांत निसर्गतःच होतं. तांबड्या डोंगरांचा रंग त्याची साक्ष देतो. शेकडो बोगद्यांनी त्याचं प्रमाण कितीतरी पट वाढवलं. खाण कशी डोंगराखाली पसरत जाते, हे ४ जून १९७८ ला कळलं. सनीसाइड खाणीचं काम एमा नावाच्या तळ्याच्या तळापर्यंत पोचलं होतं. तळ फुटला आणि तळं खाणीत रिकामं झालं, खालच्या बोगद्यातून चिखल आणि यंत्रं घेऊन बाहेर पडलं. रविवार होता, म्हणून आत कुणी नव्हतं.

सनीसाइड १९९१ मध्ये बंद झाली. सिल्व्हर्टनची ती शेवटची मोठी खाण. १९९६ मध्ये तिच्या मुख्य निचऱ्याच्या बोगद्यात काँक्रीटची बूच बसवायला सुरुवात झाली. आत पाणी साचलं, डोंगरातली पातळी चढली आणि शेजारच्या जुन्या खाणींतून गळती वाढली. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी केंद्रीय पर्यावरण संस्थेची आणि तिच्या कंत्राटदारांची माणसं काम करत होती. अडवलेलं पाणी फुटलं. सुमारे ३० लाख गॅलन दूषित पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमसमध्ये उतरलं. ड्युरँगोत नदी हळदीच्या रंगाची झाली. ते पाणी न्यू मेक्सिकोत गेलं, नॅव्हाहो लोकांच्या जमिनीतून गेलं. शिपरॉककडच्या शेतकऱ्यांनी पाटाचं पाणी बंद केलं, उभी पिकं वाळली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने नॅव्हाहो राष्ट्राला ३ कोटी १० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

त्या दिवसाचं चित्र जगभर गेलं. पण ती गळती रोजची होती आणि आहे. सिमेंट क्रीकमध्ये मासे नाहीत, हे गावाला कधीपासून ठाऊक होतं. नदीसाठी काम करणारा स्थानिक गट १९९४ पासून होता. तरी वर्षानुवर्षं गावाने ‘सुपरफंड’ हा केंद्राच्या विषारी जागांच्या यादीचा शिक्का नको म्हटलं. शिक्का बसला तर पाहुणे येणार नाहीत, ही भीती. शिवाय खाण पुन्हा उघडेल ही आशा. २०१६ मध्ये गावाने होकार दिला आणि त्या वर्षी बोनिटा पीक खाणक्षेत्र, ४८ ठिकाणांसह, यादीत आलं. पाहुणे यायचे थांबले नाहीत. पण त्या भीतीत आपला वाटा आहे. फक्त सुंदर तेवढंच बघायला येणारा पाहुणा गावाला आपली घाण लपवायला शिकवतो.

रुळांचाही हिशेब आहे. या गाडीच्या इंजिनांपैकी काही १९२३ ची, काही १९२५ ची. एका फेरीला सहा टनांच्या आसपास कोळसा फायरमन फावड्याने भट्टीत टाकायचा. १ जून २०१८ रोजी ड्युरँगोच्या उत्तरेला वणवा पेटला. सुमारे ५४,००० एकर जंगल जळलं. आगगाडीच्या ठिणगीने तो लागला, असा केंद्र सरकारचा दावा होता. २०२२ मध्ये रेल्वेने २ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. आता गाडी मुख्यतः तेलावरच्या वाफेच्या इंजिनांनी आणि डिझेलने चालते. कोळशाचा धूर नाही म्हणून काही पर्यटक हळहळतात. जंगल जळालेल्या डोंगराखाली राहणारा माणूस हळहळणार नाही.

सिल्व्हर्टनहून युरेला जाणारा मिलियन डॉलर हायवे रेड माउंटन खिंडीतून, ११,०१८ फुटांवरून जातो. बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही, आणि पाहुणे त्यावरून घाबरतात. कठडा नाही तो अशासाठी, की बर्फ काढणाऱ्या गाडीला बर्फ दरीत ढकलायची जागा लागते. त्याच रस्त्यावर एक स्मारक आहे: १९७०, १९७८ आणि १९९२ मध्ये बर्फ काढताना हिमकड्याखाली गेलेल्या तीन चालकांचं. रस्त्यावर सेल्फीसाठी गाडी थांबवता, तर या स्मारकापाशीही थांबा. १८८४ च्या हिवाळ्यात सिल्व्हर्टनला ७३ दिवस गाडी पोचली नव्हती. आजही हिवाळ्यात पर्यटकांची गाडी सिल्व्हर्टनपर्यंत जात नाही, आणि गाव तेव्हा या रस्त्यावर आणि या चालकांवर जगतं.

उत्तरेकडे लेडव्हिल आहे, दहा हजार फुटांच्याही वर. तिथे चांदीवर श्रीमंत झालेल्या होरेस टेबरच्या ऑपेरा हाऊसची आणि त्याच्या दुसऱ्या बायकोची, बेबी डोची, कहाणी सगळे सांगतात. १८९३ ने टेबरला धुळीला मिळवलं आणि ती १९३५ मध्ये मॅचलेस खाणीशेजारच्या झोपडीत थंडीने गारठून गेली. ती कहाणी ऐकावी. त्यानंतर एव्हरग्रीन दफनभूमीत जावं. झाडांमध्ये नुसते खळगे आहेत. हजाराहून अधिक गरीब लोक, बहुतेक आयरिश, नाव नसलेल्या कबरींत. त्यांत लहान मुलंही पुष्कळ. २०२३ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं, नावांसकट. मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. अमेरिकेच्या या डोंगरातली मी सर्वांत महत्त्वाची मानतो ती जागा ही.

तर जायचं कसं? ड्युरँगोहून तिकीट एका बाजूचं काढा. परतीला बस मिळते. सिल्व्हर्टनला एक रात्र तरी राहा. उंचीमुळे दम लागेल. पाणी भरपूर प्या, पहिल्या दिवशी चढण टाळा, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी दफनभूमी. मग मेफ्लॉवर मिल: १९३० च्या सुमारास सुरू झालेली आणि १९९१ मध्ये थांबलेली ही गिरणी आता स्थानिक इतिहास संस्थेकडे आहे आणि यंत्रं जागच्या जागी आहेत. सिमेंट क्रीकच्या कडेने ग्लॅडस्टोनपर्यंत गाडीने जा. गोल्ड किंगचं पाणी शुद्ध करणारा सरकारी प्रकल्प तिथे आहे, २०१५ च्या ऑक्टोबरपासून चालू. ओढ्याच्या दगडांचा रंग बघा.

आणि ओल्ड हंड्रेड खाणीत उतरा. छोट्या गाडीतून डोंगराच्या पोटात नेतात, ड्रिल चालवून दाखवतात. दाखवणाऱ्यांत खाणीत काम केलेली माणसंही असतात. त्यांच्याशी बोला. पगार किती होता ते विचारा. धूळ कुठे जायची ते विचारा. १९९१ मध्ये कोण गाव सोडून गेलं, कोण राहिलं आणि राहिलेल्यांनी पहिला हिवाळा कशावर काढला, तेही विचारा. सांगायला माणूस आहे तोवर विचारून घ्या.